दोन रुपयांचा धनादेश

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती आला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. त्याचा फोटो राज्यभर फिरला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबर सरता सरता दिल्लीत कांदा किलोला साठ रुपयांच्या पुढे गेला. आठ महिन्यांत लोकांनी पोहे आणि भजी दुपटीने खायला सुरुवात केली होती असं नाही. मग भाव एवढा कशाने हलला?

व्यापाऱ्यांची साखळी, सरकारची बेफिकिरी ही उत्तरं तयार असतात, आणि त्यांत तथ्यही असतं. पण व्यापारी फेब्रुवारीतही होते आणि ऑक्टोबरमध्येही. खरं उत्तर अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. परीक्षेतल्या चार गुणांपलीकडे कुणी त्याला किंमत देत नाही, एवढंच. ते म्हणजे मागणीची लवचिकता.

मागणी आणि पुरवठा सगळ्यांना ठाऊक असतात. माल वाढला की भाव पडतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. प्रश्न असतो तो किती पडतो याचा. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या ग्रंथात या ‘किती’ला मोजमाप दिलं: किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते? द्राक्षं महागली की आपण ती घेत नाही, पेरू घेतो. म्हणजे द्राक्षांची मागणी लवचिक. कांदा महागला तर गृहिणी कुरकुरते, फोडणीत एकाच्या जागी अर्धा चिरते, पण घेते. स्वस्त झाला म्हणून कुणी वाटीभर जास्त खात नाही. ही अलवचिक मागणी.

अशा वस्तूचा माल थोडा जरी जास्त झाला, तरी तो खपवायला भाव फार खाली आणावा लागतो. थोडा कमी पडला की भाव आभाळाला भिडतो. हे गणित तीनशे वर्षांहून जुनं आहे. १६९९ साली चार्ल्स डॅव्हनंटने इंग्लंडमधल्या धान्याचा एक तक्ता छापला. त्याचं श्रेय ग्रेगरी किंग या आकडेशास्त्रज्ञाला दिलं जातं. पीक एक दशांशाने घटलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, पीक निम्म्यावर आलं तर भाव साडेचार पटींनी वाढतो, असं तो तक्ता सांगतो. आकडे कांद्याला जसेच्या तसे लागू नाहीत, पण जरा गुणाकार करून पाहा. पूर्ण पिकाचे शंभर रुपये आले असते, तर नव्वद टक्के पिकाचे ११७ येतात आणि निम्म्या पिकाचे २७५. सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून पीक कमी आलं तर त्यांच्या हातात पैसा जास्त! पण म्हणून निफाडच्या एखाद्या शेतकऱ्याने आपली लागवड निम्मी केली, तर लासलगाव बाजारातला भाव एका पैशानेही हलत नाही. त्याचं उत्पन्न मात्र निम्मं होतं. तेव्हा प्रत्येक जण पुरेपूर पिकवतो आणि सगळे मिळून भाव पाडतात. यात कुणाचाही मूर्खपणा नाही.

त्यात फेब्रुवारीत बाजारात असतो तो लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि साठवणीच्या चाळीत पाच-सहा महिने राहतो. म्हणजे फेब्रुवारीत गिऱ्हाईकही ताठर आणि मालही ताठर. २०२३ साली आवक दाटली आणि भाव कोसळला, त्यामागे हे दुहेरी ताठरपण होतं.

अशा वेळी कुणी उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवला की शहरात हळहळ होते, काहींना तो प्रसिद्धीचा खेळ वाटतो. वास्तविक तो चोख हिशेब असू शकतो. समजा, बी, खत, लागवड, फवारणी यांवर एकरी ७०,००० रुपये जिरले आहेत. काढणी, भरणी आणि गाडीभाड्याला आणखी २०,००० लागणार आणि माल विकून येणार १५,०००. ते ७०,००० आता कुठल्याच वाटेने परत येत नाहीत. तो बुडीत खर्च. निर्णय घ्यायचा तो पुढच्या खर्चाकडे बघून, आणि पुढे पाच हजारांची खोट दिसते आहे. मॅनेजमेंटच्या महागड्या वर्गात हे समजावून सांगावं लागतं, कारण पडलेल्या प्रकल्पात पैसे ओतत राहणाऱ्या कंपन्या काही कमी नाहीत.

पुढच्या वर्षी काय होतं? उन्हाळ कांद्याची रोपं टाकायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नेमके तेव्हा चाळी रिकाम्या होत आलेल्या असतात, नवा लाल कांदा पुरता आलेला नसतो आणि भाव चढा असतो. त्या भावाकडे बघून रोप पडतं, बियाणंही महागतं. माल येतो तो एप्रिलमध्ये, सगळ्यांचा एकदम. आजच्या भावावरून उद्याचं पीक ठरवलं की भाव वरखाली हेलकावत राहतो. निकोलस काल्डोरने १९३४ साली या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेखावर रेषा तशाच विणल्या जातात. शेतकऱ्यांना हे चक्र कळत नाही असं नव्हे. शेजारी किती लावणार आणि अवकाळी कुठे बरसणार, हे कळत नाही.

या चक्राला थोडा आवर घालते ती कांदा चाळ. एप्रिलचा माल ती दिवाळीपर्यंत नेते. वजनातली घट, सड, मोड सोसून. साठवणारा उद्याच्या भावावर पैज लावत असतो आणि त्यामुळेच एप्रिलचा भाव आणखी पडत नाही, दिवाळीचा आणखी चढत नाही. शहरी ग्राहकालाही त्याचा उपयोगच होतो. पण भाव आवरण्यासाठी केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. पैजेत हरलात तर तोटा तुमचा, जिंकायला लागलात की खेळ बंद. मग पुढच्या वर्षी चाळीवर खर्च कोण करील? दिल्लीची चिंता समजते. १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत हरलं त्यात कांद्याचा वाटा होता, असं राजकारणी मानतात. पण हा धडा त्यांनी जरा जास्तच पाठ केला आहे.

आणि एक गोष्ट त्यात निसटली. भारतीय माणसाला कांद्याला पर्याय नसेल. दुबईच्या किंवा क्वालालंपूरच्या आयातदाराला भारतीय कांद्याला पर्याय आहे. पाकिस्तानचा आहे, चीनचा आहे, इजिप्तचा आहे. कांद्याची मागणी अलवचिक, पण एकाच देशाच्या कांद्याची मागणी चांगलीच लवचिक, आणि गिऱ्हाइकाला जितका अवधी द्याल तितकी ती वाढते. बंदी मे २०२४मध्ये उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते पुरतं हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. एवढ्या काळात परदेशी आयातदार दुसरीकडे सौदे करून मोकळे होतात, आणि दुकान पुन्हा उघडल्याची पाटी लावली म्हणून लगेच परत येत नाहीत.