ऊसबिलातील कपात आणि सभासदाचे मत



ऊसबिल हाती आले की आपली नजर थेट निव्वळ रकमेवर जाते. मग पारावर बोलणं निघतं, “एवढे पैसे कापले कुणी?” खरे पाहता त्यातील काही कपाती सभेत आपणच “मंजूर, मंजूर” म्हणून दिलेल्या असतात.

कपाती दोन जातीच्या. सोसायटीचे कर्ज, खत, बेणे ही ज्याची त्याची देणी. त्यावर मतदान नाही. दुसरी टनामागे सर्वांची होणारी कपात : परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, निरनिराळे निधी. अशा कपातीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येतो तेव्हा नीट लक्ष द्यावे. समजा, टनाला 25 रुपये ठरले आणि आपला ऊस 80 टन गेला, तर 2000 रुपये गेले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 27 प्रमाणे एका सभासदाला एकच मत. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला इथं सारखेच. मत स्वतः हजर राहून द्यावे लागते. बदली माणूस चालत नाही. समान मते पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असते. साधा ठराव बहुमताने होतो. पोटनियम बदलायचा असेल तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे 600 जणांनी मत दिले तर 400. शिवाय निबंधकाकडे नोंद झाल्याखेरीज ती दुरुस्ती लागू होत नाही.

सगळीकडे अशीच रीत नाही. ऑस्ट्रेलियात लोकर उत्पादक दर 3 वर्षांनी लोकरीवरील पट्टीचा दर मतदानाने ठरवतात. 2018 साली त्यांनी तो 2 टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणला. मात्र तिथं ज्याची पट्टी जास्त, त्याची मते जास्त. आपल्याकडे लहान शेतकऱ्याचे बळ मोठे आहे, पण ते सभेला आला तरच!

आणखी एक गोष्ट. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 ने उसाची किंमत 14 दिवसांत देण्याचे आणि उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याजाचे बंधन घातले. पण उभयतांत वेगळा लेखी करार नसेल तर. म्हणून करारपत्र वाचल्याशिवाय सही-अंगठा करू नये. ती सहीसुद्धा एक प्रकारचे मतच आहे.

तरी नोटीस आली की विषयपत्रिका घरी वाचून घ्यावी. कपातीचा विषय असल्यास तीन प्रश्न विचारावेत : टनाला किती? किती हंगाम? परत मिळणार की नाही, आणि मिळणार तर व्याज किती? उत्तर पटले तर खुशाल हात वर करावा; पैशाशिवाय कारखाना वाढत नाही. न पटल्यास विरोध नोंदवावा आणि तो इतिवृत्तात आला का, हे पाहावे. सभा संपल्यावर पारावर केलेली तक्रार कोणी मोजत नाही.