लंडनचे पत्र : मृताचे देणे, एक्झिक्युटरची मान

लंडन : इंग्लंडमध्ये माणूस गेला की त्याचे कर्ज मुलांच्या डोक्यावर बसत नाही. संयुक्त कर्ज किंवा जामीनकी नसेल, तर मागे राहिलेल्या मालमत्तेतून जेवढे फिटेल तेवढे फिटते आणि बाकीचे बुडते. वारस असे सुटतात, पण मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर सुटत नाही. आधी देणी, मग वाटणी, हा क्रम त्याने पाळायचा असतो. घाईने वाटणी केली आणि मागाहून एखादा धनको बिल घेऊन उभा राहिला, तर ती रक्कम एक्झिक्युटरच्या स्वतःच्या खिशातून जाऊ शकते. हा माणूस पुष्कळदा वकील नसतो. मृताची बहीण असते, मुलगा असतो किंवा जुना मित्र, आणि काम बिनपगारी असते. मृत व्यक्तीने कुठे काय उधार केले होते, हे त्याने ओळखायचे तरी कसे?

यावरचा तोडगा १९२५ च्या ट्रस्टी कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. एक्झिक्युटरने ‘लंडन गॅझेट’मध्ये नोटीस द्यायची, मालमत्तेत जमीन किंवा घर असेल, तर त्या भागात खपणाऱ्या वृत्तपत्रातही द्यायची. दावा कळवायला निदान दोन महिने ठेवायचे. ती मुदत संपली की कळलेली देणी लक्षात घेऊन वाटणी करायला तो मोकळा होतो आणि नंतर उगवलेल्या अज्ञात धनकोला त्याच्या खिशात हात घालता येत नाही. ही सोय प्रथम १८५९ मध्ये लॉर्ड सेंट लिओनार्ड्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने आली. गंमत अशी, की १८७५ मध्ये हे कायदेपंडित वारले तेव्हा त्यांचे स्वतःचेच मृत्युपत्र सापडेना. अखेर मुलीच्या स्मरणावर विसंबून न्यायालयाने त्यातला मजकूर मान्य केला.

आक्षेप उघड आहे. १६६५ पासून निघणारे हे सरकारी पत्र सकाळी चहाबरोबर कोण वाचतो? बँका आणि वसुली कंपन्या अशा नोटिसांवर नजर ठेवू शकतात. छप्पर दुरुस्त करून बिलाची वाट पाहणारा सुतार ठेवणार नाही. म्हणून हा सारा देखावा आहे, असे म्हणता येईल. पण नोटिशीने धनकोचे येणे मरत नाही. ज्या वारसाच्या हाती पैसा गेला, त्याच्यापर्यंत त्याचा माग काढण्याचा धनकोचा हक्क कायद्याने राखून ठेवला आहे. शिवाय जे देणे एक्झिक्युटरला ठाऊक आहे, त्याच्यापासून नोटीस त्याला वाचवत नाही. सुताराचे बिल मृताच्या टेबलावर पाहून ते ड्रॉवरमध्ये सारणाऱ्याला कलम २७ चा आधार नाही. म्हणजे जोखीम निःस्वार्थी काम करणाऱ्याकडून लाभ घेणाऱ्याकडे सरकते, आणि मला तेच न्याय्य वाटते. मात्र वारसाने पैसा उडवला असेल, तर सुताराचा हक्क कागदावरच राहण्याची भीती खरी आहे. या व्यवस्थेतले हे भोक जाहिरातीने बुजत नाही.

दोन महिने वाटणी अडते, ही तक्रार मात्र फारशी टिकत नाही. तसेही पहिल्या वर्षात वाटणी करण्याची सक्ती कायदा करत नाही. शिवाय १९७५ च्या कायद्याखाली पोटगीसारख्या तरतुदीची मागणी आश्रितांना प्रोबेटनंतर सहा महिन्यांपर्यंत करता येते, त्यामुळे सावध एक्झिक्युटर थांबतोच. नोटिशीचे दोन महिने त्या अवधीत सहज बसतात.

आपल्याकडचा भारतीय उत्तराधिकार कायदाही १९२५ चाच, आणि त्याच्या कलम ३६० चा साचा जवळपास हाच आहे : नोटीस, मुदत, मग मोकळीक आणि मालमत्तेचा माग काढण्याचा धनकोचा हक्क. पुण्यात किंवा नाशकात बसून इंग्लंडमधल्या नातेवाइकाचे घर निकालात काढणाऱ्यांना एवढेच सांगणे : भावंडांनी कितीही तगादा लावला, तरी नोटिशीची मुदत संपण्याआधी एकही पौंड वाटू नका.