संगणक एक, खाती तीन

घरात संगणक एकच, आणि व्हॉट्सॲप मात्र तिघांचे! तुमचा शाळेचा गट, यजमानांचे ऑफिस, लेकीचे कॉलेज. एकाने उघडायचे तर दुसऱ्याचे बंद करायचे, ही रोजची कटकट. त्यातून कुणाचे उघडेच राहिले, तर ऑफिसच्या साहेबांना भाजीची यादी जायला कितीसा वेळ लागतो?

मैत्रिणींनो, यावर उपाय सोपा आहे. क्रोममध्ये प्रत्येकाचे वेगळे ‘प्रोफाइल’ करा. वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असते, त्यावर टिचकी मारली की नवे प्रोफाइल जोडता येते. त्याला नाव द्या, रंगही वेगळा निवडा, म्हणजे गोंधळ नको. मग त्या खिडकीत व्हॉट्सॲप वेब उघडावे आणि ज्याने त्याने आपल्या फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन पडद्यावरचा चौकोनी कोड टिपावा. झाले! फडताळात प्रत्येकाचा खण असावा, तसे हे.

एका खात्याला फोनखेरीज ४ उपकरणे जोडता येतात. मात्र फोन १४ दिवस वापरलाच नाही, तर ही जोडणी आपोआप सुटते.

एक लक्षात ठेवा, खण वेगळा झाला तरी त्याला कुलूप नाही. घरातले कुणीही तो उघडू शकते. कुलूप हवे असेल तर विंडोजमध्येच प्रत्येकाचे स्वतंत्र खाते करून पासवर्ड घाला. आणि हो, लेकीचा पासवर्ड लेकीपाशीच राहू द्या. तिच्या नावाचे पाकीट आपण फोडत नाही ना?