आपल्याच प्रवाशांना पुरून उरणारा पडदा

न्हावा शेवाच्या बंदरात १९८९पासून जहाजांचे कंटेनर उतरतात, ट्रेलरवर चढतात आणि देशभर जातात. ही ओढाताण मुख्यतः डिझेलच्या जोरावर चालते. तेवढीच ताकद मिळावी आणि धुराऐवजी फक्त पाणी बाहेर पडावे, हे फ्युएल सेलला जमते. त्यात काहीच जळत नाही. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन आणि मध्ये केसाहून पातळ असा बहुवारिकाचा पडदा. पडद्यातून आयन जातात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेतून वळसा घ्यावा लागतो आणि हा वळसाच आपली वीज!

ऑगस्ट २०२२मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांची फ्युएल सेलवरची बस पुण्यात सादर झाली. तिच्यासारख्या सेलमधला पडदा आम्लधर्मी असतो आणि आम्लात तग धरणारा उत्प्रेरक म्हणून महागडे प्लॅटिनम लागते. पडदा अल्कधर्मी असेल, तर निकेल, कोबाल्ट, चांदी यांच्याकडूनही काम करून घेता येते.

अल्कधर्मी सेलची परंपरा जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी १९५९मध्ये असा ५ किलोवॉटचा संच चालवून दाखवला. त्याच वंशातल्या सेलनी अपोलो यानांना वीज पुरवली, आणि त्यांतून निघालेले पाणी अंतराळवीर प्यायले! पण त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण होते. यानात शुद्ध ऑक्सिजन होता म्हणून निभावले. पृथ्वीवरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या द्रावणाशी मिळून कार्बोनेटचे स्फटिक करतो आणि सेलची छिद्रे बुजतात.

यावर उपाय म्हणजे धनभारित गट बहुवारिकाच्या साखळीलाच कायमचे जोडायचे. सुटे पोटॅशियम उरत नाही, त्यामुळे स्फटिकही साचत नाहीत. ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन पाण्याच्या साथीने या गटांजवळून पुढे सरकत जातात.

आणि इथेच निसर्ग पेच टाकतो. ज्या हायड्रॉक्साइडला वाट द्यायची, तोच पडद्याचा वैरी. तो धनभारित गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन हिरावतो, किंवा थेट कार्बनवर हल्ला करून अख्खा गट तोडतो. साखळीत ईथर बंध असतील तर तेही तुटतात. उष्णता वाढली की मारा वाढतो. पाणी कमी पडले तरी वाढतो, कारण पाण्याच्या रेणूंनी वेढलेला हायड्रॉक्साइड त्या मानाने शांत असतो.

रसायनशास्त्रज्ञांनी उत्तर शोधले ते रेणूच्या आकारात. २०१९मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात युशान यान यांच्या चमूने ईथर बंध नसलेल्या साखळीवर पिपेरिडिनियम या सहा अणूंच्या कड्या बसवून पडदे घडवले. कडीच्या ताठ रचनेमुळे हल्ल्याला लागणारा कोनच सहज जुळत नाही. एवढी सूक्ष्म भूमिती, आणि तिच्यावर अख्ख्या यंत्राचे आयुष्य! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पॉलिबेन्झिमिडाझोल या चिवट बहुवारिकाला विद्युतभारित रूप देण्यावर संशोधन झाले आहे.

न्हावा शेवासारख्या किनाऱ्यावर आणखी एक कसोटी आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड आयन पडद्यात शिरले, तर हायड्रॉक्साइडच्या जागा अडवतात आणि वाहकता घटते. म्हणजे हवा गाळून घ्यावी लागणार. बंदरातले यंत्र वर्षानुवर्षे राबते, म्हणून इथल्या पडद्याची किंमत त्याने हजारो तासांनंतर किती आयन वाहून नेले यावरच ठरेल.