मोटारीच्या एंजिनातील ठोका : कारणनिश्चितीचा क्रम

एंजिनातून ठोक्याचा आवाज येऊ लागला की ते खोलण्याचा निर्णय पुष्कळदा तत्काळ घेतला जातो. वस्तुतः ‘ठोका’ या एकाच नावाखाली परस्परांशी संबंध नसलेले अनेक दोष मोडतात. त्यांपैकी काही इंधन बदलून अथवा ठिणगीची वेळ सुधारून दूर होतात. काहींची उपेक्षा केल्यास संयोगदांडा तुटून सिलिंडरच्या ठोकळ्यास भगदाड पडते. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी आवाजाचे वर्गीकरण करणे अगत्याचे होय.

वरच्या गिअरमध्ये चढ चढताना येणारा किणकिणता आवाज बहुधा स्वयंज्वलनाचा असतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कडेचे मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते आणि वायूत दाबलहरी उठतात. सुमारे ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात त्यांची कंप्रता सेकंदास ६ ते ७ हजार असते. यांत्रिक ठोका याहून जड असतो. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत कॅमदंडाची एकच फेरी होत असल्याने झडपेचा खटका भुजादंडाच्या निम्म्या गतीने ऐकू येतो. एखाद्या सिलिंडरचे ज्वलन क्षणभर बंद करताच ठोका मंदावला, तर त्या सिलिंडरच्या संयोगदांड्याच्या धारव्याविषयी संशय घ्यावा.

यानंतर संपीडनाची परीक्षा. एंजिन तापलेले, सर्व प्लग काढलेले, प्रज्वलन व इंधनपुरवठा तोडलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली असावी. यांतील एक अट चुकली तरी आकडे फसवे येतात. सुस्थितीतील पेट्रोल एंजिनात सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलोग्रॅम दाब आढळतो. पण त्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. एकच सिलिंडर दुबळे आढळल्यास त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दट्ट्याची कडी झिजलेली. न वाढला तर झडप गळते, अथवा माथ्याखालील गॅस्केट गेलेले. शेजारची दोन सिलिंडरे एकदम उतरली असतील तर गॅस्केटचीच शक्यता अधिक. उलट दाब नेहमीपेक्षा चढा आला तर ज्वलनकक्षात काजळी साचलेली असू शकते, आणि स्वयंज्वलनाचे तेही एक कारण आहे. मात्र या परीक्षेला एक मोठी मर्यादा आहे : संयोगदांड्याचा धारवा पार झिजला तरी संपीडन निर्दोष येऊ शकते. दाब ठीक आहे एवढ्यावरून जड ठोक्याची गाडी रस्त्यावर काढणे धोक्याचे. तेथे तेलाचा दाब मोजावा आणि तेलात धातूचा कीस आहे काय ते पाहावे.

सर्वच सिलिंडरांचा दाब सारख्या प्रमाणात उतरला असेल तर दृष्टी टायमिंग पट्ट्याकडे वळली पाहिजे. दातेरी रबरी पट्टा १९६२ साली जर्मनीतील ग्लास १००४ या मोटारीबरोबर प्रचारात आला. साखळीपेक्षा तो शांत, पण आयुष्याने मर्यादित. कॅमदंडाच्या चाकास ४० दाते असतील तर पट्टा एका दात्याने सरकताच कॅमदंड ९ अंशांनी, म्हणजे भुजादंडाच्या मापाने १८ अंशांनी, चुकतो. कॅम मागे पडला की आत घेणारी झडप उशिरा मिटते, भरलेल्या मिश्रणाचा काही अंश परत बाहेर ढकलला जातो व दाब उतरतो. ज्या एंजिनांत झडप आणि दट्ट्या यांचे मार्ग एकमेकांस छेदतात, तेथे बाहेर टाकणारी झडप दट्ट्याच्या माथ्याला टेकून हलका टकटकाटही करू लागते. असा आवाज ऐकूनही एंजिन फिरवीत राहिल्यास झडपांचे दांडे वाकतात.

पट्टा तपासताना स्टार्टर वापरू नये. आच्छादन काढून पट्ट्यावरील भेगा, तेलाचे डाग व गेलेले दाते पाहावेत. ताण देणाऱ्या कप्पीचा धारवाही हाताने फिरवून पाहावा, कारण त्याची घरघर कित्येकदा एंजिनाचा ठोका समजली जाते. मग भुजादंड पान्याने त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून दोन्ही चाकांवरील खुणा जुळतात काय ते पाहावे. फिरवताना कठीण अटकाव जाणवला तर जोर न लावता तेथेच थांबावे.