रजिस्टर कोणाचे, क्रमांक कोणाचा?

चांदूर बाजारच्या कोणत्याही शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर पाहा. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पुढचा क्रमांक मिळतो. तो शाळा सोडून गेला तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. हेच काम संगणकाकडून करून घेताना मात्र एक गमतीदार अडचण येते.

समजा, हे रजिस्टर पोस्टग्रेस या प्रणालीत तक्ता म्हणून ठेवले आहे. (हिचे काम १९८६ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात सुरू झाले.) तक्त्याचे मालक मुख्याध्यापक, लिपिकाला फक्त नोंदी करण्याची परवानगी. लिपिक त्यात आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा 'सिरियल' रकाना जोडू पाहतो आणि संगणक नकार देतो : तुम्ही या तक्त्याचे मालक नाही! नोंद करणे वेगळे, नवा रकाना आखणे वेगळे.

आणखी एक खुबी आहे. 'सिरियल' म्हणजे नुसता रकाना नव्हे. पुढचा अंक देणारा 'सीक्वेन्स' त्यासोबत तयार होतो. कचेरीतला क्रमांकाचा शिक्काच म्हणा ना! या शिक्क्यालाही मालक असतो आणि तो तक्त्याच्या मालकाहून निराळा असेल, तर शिक्का तक्त्याला जोडता येत नाही. म्हणून प्रथम तक्ता कोणाच्या नावे आहे ते पाहावे. रकाना त्याच नावाने जोडावा, किंवा तक्त्याची मालकी रीतसर बदलून घ्यावी. पुष्कळजण लिपिकालाच सर्वाधिकार देऊन मोकळे होतात. एका रकान्यासाठी तिजोरीची किल्ली!

रकाना जोडल्यावरही लिपिकाची नोंद अडली, तर त्याला सीक्वेन्स वापरण्याची वेगळी परवानगी द्यावी. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आलेल्या 'आयडेंटिटी' रकान्याला ती लागत नाही.