मुठीतलं बळ
बरणीचं झाकण फिरेना, की आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. डॉक्टर मात्र हाती पकड मोजणारा डायनॅमोमीटर देतात. कोपर काटकोनात ठेवून दांडा आवळायचा. काटा किलो दाखवतो. (शेजारी कोणी ‘अजून, अजून!’ म्हणालं तर आकडा वाढूही शकतो.) आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार पुरुषांत २८, स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी पकड म्हणजे स्नायू दुबळे. भारतासह १७ देशांत झालेल्या, २०१५च्या ‘प्युअर’ अभ्यासात तर पकडीवरून मृत्यूच्या धोक्याचा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षा चांगला बांधता आला. पण जोर म्हणजे कसब नव्हे. सुईत दोरा ओवणारी बोटं नऊ खुंट्या भोकांत बसवून परत काढायला किती सेकंद घेतात, ते वेगळं मोजतात. संधिवात असेल तर दुखण्यानेही पकडीचा आकडा घसरतो. तपासणाऱ्याला तसं आधीच सांगा.